दंड कीं मोल ?

नियम मोडून त्याबद्दलची शिक्षा निमूटपणें भोगली म्हणजे मनुष्य त्या नियमाच्या ऋणांतून मोकळा होतो काय ? प्रश्न जुना आहे, आणि तो सामान्यतः न्यायालयें, कर व राजाज्ञा यांच्या संबंधांत विचारला जातो. आम्ही तो आज एका खेळाच्या संबंधांत विचारणार आहों. खेळासारख्या विषयास या पृष्ठांत जागा द्यावी काय, अशी शंका ज्या वाचकांस येईल त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, व्यवहारांत नियम, हेतु आणि परिणाम यांची अशी गुंतागुंत झालेली असते कीं कोणता धागा कोठला हें निवडणें कठीण जातें. खेळांत नियम छापलेले असतात, वेळ मोजलेला असतो, साक्षीदार हजारों असतात, आणि निकाल त्याच रात्रीं लागतो. नीतिशास्त्राच्या अभ्यासकास यापेक्षां सोयीची प्रयोगशाळा सहसा मिळावयाची नाहीं.

आमचा विषय अमेरिकेंतील विद्यापीठांमध्यें खेळला जाणारा बास्केटबॉल, आणि त्यांतही सामन्याचे अगदीं शेवटचे सात-आठ सेकंद. हा खेळ आपल्याकडे अपरिचित नाहीं. हॅरी क्रो बक या अमेरिकन शिक्षकानें १९२० मध्यें मद्रास येथें वाय. एम. सी. ए. ची व्यायामशिक्षणाची शाळा काढली, तेव्हांपासून तरी हा खेळ आपल्या शिक्षकांच्या ओळखीचा आहे. तथापि ज्या पेंचाविषयीं आम्ही लिहिणार आहों तो नीट कळावा म्हणून नियमांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. साध्या फेंकीस दोन गुण मिळतात. कड्यापासून ठराविक अंतरावर आंखलेल्या रेषेबाहेरून चेंडू टाकला तर तीन. प्रतिपक्ष्यास धरलें, ढकललें किंवा त्याच्या हातावर मारलें तर पंच शिटी वाजवितो; या अपराधास फाउल म्हणतात. अर्ध्या खेळांत एका संघाचे फाउल सहाच्या वर गेले म्हणजे पुढें ज्याच्यावर फाउल होईल त्यास कड्यासमोर उभें राहून, कोणी आडवा न येतां, चेंडू टाकण्याची संधि मिळते. हा फ्री थ्रो. पहिला साधला तर दुसरा मिळतो. आणि संघाचे फाउल दहा झाले म्हणजे दोन्ही बिनशर्त मिळतात. प्रत्येकास एक गुण.

तीन गुणांची रेषा विद्यापीठांच्या सामन्यांत सर्वत्र आली ती १९८६-८७ च्या हंगामापासून. त्यापूर्वीं आमचा प्रश्न या स्वरूपांत उत्पन्नच होत नव्हता.

आतां वाचकांनीं अशी कल्पना करावी. एक संघ तीन गुणांनीं पुढें आहे. सात सेकंद उरले आहेत, आणि चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं आहे. त्यास बरोबरी साधावयाची तर रेषेबाहेरून एक फेंक साधली पाहिजे. पुढें असलेल्या संघास दोन मार्ग मोकळे असतात. पहिला असा कीं, हात वर करून, पाय हलते ठेवून, नियमाच्या आंत राहून ती फेंक अवघड करावी. दुसरा असा कीं, फेंक सुटण्यापूर्वींच त्या खेळाडूस धरून मुद्दाम फाउल करावा. मग त्याला दोन फ्री थ्रो मिळतील. दोन्ही साधले तरी दोनच गुण, आणि एका गुणाची आघाडी शिल्लक राहील. बरोबरी करावयाची असेल तर त्याला पहिला साधून दुसरा मुद्दाम चुकवावा लागेल, कड्यावरून उसळलेला चेंडू गर्दींतून मिळवावा लागेल, आणि तो पुन्हां आंत घालावा लागेल. अपराध केल्यानें अपराध्याचेंच हित व्हावें, अशी ही चमत्कारिक स्थिति आहे.

७ एप्रिल २००८ रोजीं सॅन अँटोनियो येथें राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना मेम्फिस आणि कॅन्सस या विद्यापीठांत झाला. मेम्फिसचे शिक्षक जॉन कॅलिपारी, कॅन्ससचे बिल सेल्फ. दोन मिनिटें आणि बारा सेकंद उरले असतां मेम्फिस नऊ गुणांनीं पुढें होता. तेथून त्याचे फ्री थ्रो चुकत गेले, आणि १०.८ सेकंद उरले असतां गुण ६३-६० असे झाले. म्हणजे आघाडी बरोबर तिनाची. कॅन्ससचा शेरॉन कॉलिन्स चेंडू घेऊन धांवत आला, तोल जातां जातां त्यानें तो मारिओ चाल्मर्सकडे दिला, आणि २.१ सेकंद शिल्लक असतां चाल्मर्सची फेंक कड्यांतून खालीं आली. जादा वेळांत कॅन्ससनें ७५-६८ असा विजय मिळविला. सामन्यानंतर कॅलिपारी यांनीं सांगितलें कीं, फाउल करण्याचाच आपला बेत होता. तो मैदानावर पार पडला नाहीं. तेव्हांपासून, तिनाची आघाडी असतां धरावें कीं न धरावें, या वादांत हा सामना ठरलेलें उदाहरण होऊन बसला आहे. (जातां जातां सांगण्याजोगी गोष्ट अशी कीं, पुढें २००९ मध्यें एका खेळाडूच्या पात्रतेच्या प्रश्नावरून मेम्फिसचा तो सगळा हंगामच अधिकृत नोंदींतून काढून टाकण्यांत आला. शेवटच्या दहा सेकंदांतील नीतीविषयीं तावातावानें बोलणाऱ्यांनीं आधींच्या वर्षभराकडेही एकदां पाहावयास हरकत नव्हती.)

या वादांत एक दोष प्रथमपासून शिरलेला आहे. तो असा कीं, शिक्षकाचें शहाणपण लोक फळावरून ठरवितात. ४ एप्रिल २०१६ रोजीं ह्यूस्टन येथें अंतिम सामन्यांत व्हिलानोव्हा संघ नॉर्थ कॅरोलायनापेक्षां तीन गुणांनीं पुढें होता. तेथेंही फाउल झाला नाहीं. मार्कस पेज यानें हवेंत अंग मुरडून टाकलेला चेंडू आंत पडला. ७४-७४, आणि घड्याळांत ४.७ सेकंद. परंतु तेवढ्या अवधींत व्हिलानोव्हाच्या क्रिस जेन्किन्सनें रेषेबाहेरून फेंक साधून सामना ७७-७४ असा जिंकला, आणि शिक्षक जे राइट यांना जाब विचारण्याचें कारणच कोणास उरलें नाहीं. मैदानावर जें घडलें तें दोन्हीं ठिकाणीं एकच. एकाच्या वांट्यास जन्माची चुटपुट आली, दुसऱ्याच्या वांट्यास मिरवणूक.

फळ बाजूस ठेवून नुसतें गणित करावें तर तेंही आपणांस फार पुढें नेत नाहीं. रेषेबाहेरच्या फेंकी साधारणपणें तिनांत एक साधते. घाईनें, अंगावर कोणी असतां टाकलेल्या फेंकी त्याहूनही कमी साधतात. म्हणजे न धरणारा बहुधा जिंकतोच. उलट धरणाऱ्याच्या मार्गांतही खांचखळगे आहेत. शिटी उशिरां वाजली आणि चेंडू हातांतून सुटत असतां धरलें असें पंचास वाटलें, तर दोनाऐवजीं तीन फ्री थ्रो द्यावे लागतात. शिवाय घड्याळ थांबतें, चेंडू फिरून आपल्याकडे येतो, आपल्यावर फाउल होतो, आणि मग आपल्यालाच कड्यासमोर थरथरत्या हातांनीं उभें राहावें लागतें. २००९-१० च्या हंगामांतील अशा प्रसंगांची मोजदाद हार्वर्ड विद्यापीठांतील एका विद्यार्थ्यानें केली. धरणारे आणि न धरणारे यांच्या यशांत लक्षांत घेण्याजोगा फरक त्यास आढळला नाहीं. आम्हांस ही गोष्ट महत्त्वाची वाटते. व्यवहाराचा कौल एकीकडे स्वच्छ पडला असता तर, “ करावेंच लागतें ” ही सबब पुढें करतां आली असती. तो तसा पडत नाहीं. तेव्हां काय योग्य, हा प्रश्न विचारण्यास जागा आहे, आणि तो विचारणाऱ्यावर अव्यवहारीपणाचा शिक्का मारतां यावयाचा नाहीं.

मूळ प्रश्न असा: फाउलाबद्दल जें द्यावें लागतें तो दंड, कीं तें मोल ?

ग्रंथालयाचें उदाहरण घ्या. पुस्तक पंधरा दिवसांत परत करावें, न केल्यास दररोज अमुक आकार पडेल, असा नियम असतो. एक सभासद पुस्तक आठ दिवस अधिक ठेवतो, आकार मोजतो, आणि आपण तितके दिवस भाड्यानें घेतले असें समजून शांतपणें घरीं जातो. त्याच पुस्तकाची वाट पाहत बसलेल्या दुसऱ्या सभासदाच्या मतें त्यानें अन्याय केला आणि वर दंड भरला. दोघेही एकाच पावतीकडे पाहत आहेत. १९९८ मध्यें हैफा शहरांतील बालसंगोपनगृहांत एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनीं २००० मध्यें प्रसिद्ध केला. मुलांस नेण्यास उशिरां येणाऱ्या पालकांना दंड बसविला, तों उशीर कमी होण्याऐवजीं वाढला. पूर्वीं उशीर झाला म्हणजे शिक्षिकेपुढें मान खालीं घालावी लागे. आतां पैसे दिले कीं झालें. दंड पुढें बंद केला, तरी गेलेली लाज परत आली नाहीं. दंडाचें मोल होतें तें असें, आणि एकदां तें झालें म्हणजे परत दंड होणें कठीण.

बास्केटबॉलमध्यें हेंच रूपांतर सावकाश, सुमारें शंभर वर्षांत झालें. १८९१ च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या विद्यालयांत जेम्स नेस्मिथ यांनीं या खेळाचे तेरा नियम लिहून काढले. त्यांतील पांचवा खांद्यानें रेटणें, धरणें, ढकलणें, पाडणें, मारणें यांविषयीं आहे. पहिल्या वेळीं तो फाउल. दुसऱ्या वेळीं पुढचा गोल होईपर्यंत खेळाडूनें बाहेर बसावें. आणि इजा करण्याचा हेतु उघड असेल तर उरलेला सगळा खेळ बाहेर, त्याच्या जागीं दुसरा मिळणार नाहीं. एका बाजूनें लागोपाठ तीन फाउल केले तर प्रतिपक्षास एक गोल. यांत बाजारभाव कोठेंच नाहीं. खेळाडूनें बाहेर बसावें ही शिक्षा आहे. सर्वांदेखत बसण्यांत तिचा अर्धा भाग आहे. पुढें फ्री थ्रो आले, मोजदाद आली, सहापर्यंत इतकें, नवापर्यंत तितकें, दहापासून अमुक, असें दरपत्रक तयार झालें. भाषाही त्याप्रमाणें बदलली. संघाचे फाउल फ्री थ्रो मिळण्याच्या संख्येपर्यंत गेले नसतील तर त्याच्यापाशीं “ द्यावयास फाउल शिल्लक आहेत ”, असें अमेरिकन लोक बिनदिक्कत म्हणतात, जणूं काय खिशांत सुटे पैसे उरले आहेत ! ६ एप्रिल २०१९ रोजीं मिनिआपोलिस येथील उपांत्य सामन्यांत ऑबर्न संघ व्हर्जिनियापेक्षां ६२-६० असा पुढें असतां त्यानें असे शिल्लक फाउल खर्च केले, आणि तें कोणास गैर वाटलें नाहीं. शेवटीं ०.६ सेकंद उरले असतां ऑबर्नच्या एका खेळाडूकडून काइल गाय याच्यावर तो रेषेबाहेरून फेंकत असतां फाउल झाला. गायनें तिन्ही फ्री थ्रो साधले, आणि ६३-६२ असा सामना गेला.

मागें असलेल्या संघानें घड्याळ थांबविण्यासाठीं फाउल करावे, ही चाल तर याहूनही रुळलेली आहे. ४ एप्रिल १९८३ रोजीं अल्बुकर्क येथें नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे शिक्षक जिम व्हॅल्व्हानो यांनीं याच मार्गानें बलाढ्य ह्यूस्टन संघास ओढून आणलें आणि ५४-५२ असें हरविलें; तो विजय आजही कौतुकानें सांगितला जातो.

या चालीविरुद्ध वॉरेन फ्रेले यांनीं १९८२ मध्यें आक्षेप घेतला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, खेळण्यास उतरणें म्हणजे नियमांत राहून कसब दाखविण्याचा करार करणें. मुद्दाम नियम मोडणारा तो करार मोडतो, मग तो शिक्षा भोगो वा न भोगो. यास रॉबर्ट सायमन यांनीं उत्तर दिलें. हे गृहस्थ हॅमिल्टन कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकवीत आणि गोल्फच्या संघाचेही शिक्षक होते. म्हणजे दोन्ही बाजू त्यांनीं पाहिलेल्या. त्यांच्या मतें सर्वच शिक्षा एका जातीच्या नसतात. कांहीं निषेधासाठीं असतात. कांहींचा आकार असा बेतलेला असतो कीं, ज्याच्यावर फाउल झाला त्याची योग्य भरपाई व्हावी. दुसऱ्या जातीची शिक्षा ही चालीची किंमत होय, आणि ती देऊन चाल खेळणारा फसवीत नाहीं.

आम्ही सायमन यांच्या बाजूनें बरेंच दूर जाऊं. सर्वांस ठाऊक असलेला दर, सर्वांसमक्ष, पूर्णपणें चुकविला असेल, तर त्यास पाप म्हणणें आम्हांस जड वाटतें. पण विक्रय म्हटला कीं त्याची एक अट येतेच: व्यवहार उघड असला पाहिजे. आणि नेमक्या याच ठिकाणीं तिनाच्या आघाडीचा फाउल घसरतो.

कारण नियमांत दर एक नाहीं, दोन आहेत. चेंडू मिळविण्याच्या प्रयत्नांत हात लागला तर साधा फाउल. त्याचा दर वर सांगितला तो. परंतु चेंडूकडे न पाहतां, केवळ घड्याळ थांबविण्यासाठीं किंवा फेंक अडविण्यासाठीं, उघड उघड धरलें, तर तो जाणूनबुजून केलेला फाउल. त्याचा दर जबर आहे: दोन फ्री थ्रो, आणि शिवाय चेंडूही प्रतिपक्षाकडेच. हा दर दिला तर तिनाच्या आघाडीवर फाउल करण्यांत कांहींच अर्थ राहत नाहीं. म्हणून काय होतें ? शिक्षक आपल्या मुलांस सांगतो, धरा, पण चेंडूवर झडप घातल्यासारखें दाखवून धरा. डोळे चेंडूवर, हात मनगटावर. संघ याचा सराव करितात. पंचही अनुभवी, सात सेकंद उरले आहेत, आघाडी तिनाची आहे, हा मुलगा कशासाठीं अंगावर येत आहे हें त्याला गॅलरींतल्या शेवटच्या प्रेक्षकाइतकेंच स्वच्छ दिसत असतें. तरी तो साध्या फाउलाची शिटी वाजवितो, कारण सोंग पुरेसें वठलें. जो सरळपणें, “ होय, मीं मुद्दाम धरलें ”, असें कृतीनें म्हणेल त्याला जबर दर, आणि जो खोटें बोलेल त्याला स्वस्त. नियम येथें प्रामाणिकपणावर कर बसवितो !

आणि हें सोंग एकतर्फी राहत नाहीं. चेंडू हातीं असलेल्या खेळाडूसही शिकविलेलें असतें कीं, अंगास स्पर्श होतो आहे असें वाटतांच चेंडू वर उचलावा, आपण फेंकीतच होतों असें भासवावें. म्हणजे दोनाऐवजीं तीन फ्री थ्रो पदरांत पडतील. एकजण आपण चेंडू घेत होतों असें दाखवितो, दुसरा आपण तो टाकीत होतों असें दाखवितो, आणि मध्यें शिटी घेऊन उभा असलेला तिसरा यांतील कोणतें नाटक अधिक चांगलें वठलें याचा निवाडा करितो.

यावर कोणी म्हणेल कीं, खेळ म्हटला कीं हुलकावणी आलीच. कुस्तींत पटाची हूल देऊन धोबीपछाड मारणाऱ्यास आपण लबाड म्हणत नाहीं. खरें आहे. परंतु ती हूल प्रतिस्पर्ध्यास दिलेली असते. तीं ओळखणें हेंच त्याच्या कसबाचें अंग आहे, आणि तो ती देण्यास तितकाच मोकळा आहे. पंचास दिलेली हूल ही निराळ्या जातीची. पंच कुस्ती खेळत नसतो. वादी-प्रतिवादींनीं एकमेकांवर डाव टाकणें आणि न्यायाधीशापुढें खोटी साक्ष देणें यांत जें अंतर, तेंच येथें आहे. याच सामन्यांतील दुसरी एक युक्ति पाहिली म्हणजे हें अंतर अधिक स्पष्ट होईल. मागें असलेल्या संघाचा खेळाडू दुसरा फ्री थ्रो मुद्दाम चुकवितो, तेव्हां तोही विपरीतच वागत असतो. गुण मिळविण्यासाठीं दिलेली संधि तो जाणून फुकट घालवितो. पण त्यांत नियमभंग नाहीं आणि लपवाछपवही नाहीं. सगळें सभागृह, पंचासह, तो काय करणार हें जाणतें, आणि तो तेंच करितो. चातुर्याशीं आमचें भांडण नाहीं.

महाभारतांतील गदायुद्धाचा प्रसंग येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. नाभीखालीं प्रहार करूं नये हा गदेचा नियम. न्यायानें लढून भीम जिंकावयाचा नाहीं हें कृष्ण अर्जुनास सांगतो, अर्जुन स्वतःच्या मांडीवर थाप मारून भीमास खूण करितो, आणि भीम दुर्योधनाची मांडी फोडतो. मैदानाबाहेरून आलेली ही खूण, आणि ती पाहून आंत झालेला नियमभंग, यांचें आमच्या विषयाशीं असलेलें साम्य वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. पण आम्हांस त्या प्रसंगांत अधिक अर्थपूर्ण वाटतो तो बलराम. भीम आणि दुर्योधन हे दोघेही गदेंत त्याचेच शिष्य. तो संतापतो, नांगर उगारून भीमावर धांवतो. कृष्ण त्याला आवरतो, भीमाच्या प्रतिज्ञेची आठवण देतो. बलरामाचें समाधान होत नाहीं. भीमाला जग कपटानें लढणारा म्हणून ओळखील, असें सांगून तो रथांत बसून द्वारकेस निघून जातो. कृष्णाचा विचार राज्याचा आहे, आणि त्यापुढें मोठें युद्ध होतें. बलरामाचा विचार विद्येचा आहे: मीं जें शिकविलें त्याचें यांनीं काय केलें ? त्या युद्धांत नियमभंगाचा दर ठरलेला नव्हता, शिटी नव्हती, फ्री थ्रो नव्हते. म्हणून गुरूला निघून जाण्यापलीकडे कांहीं करतां आलें नाहीं. विद्यापीठांतल्या शिक्षकाची अडचण याहून मोठी आहे, कारण मांडीवर थाप मारणारा तोच असतो.

आम्ही वर सर्वत्र शिक्षक हा शब्द हेतुपुरस्सर वापरला आहे. धंदेवाईक संघाचा मार्गदर्शक आपल्या मालकास बांधलेला असतो, आणि त्याचे खेळाडू जाणते नोकरदार असतात. विद्यापीठाचा संघ एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांचा. अमेरिकेंत या मुलांच्या खेळाभोंवतीं केवढें अर्थकारण उभें आहे, जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नांवावर पैसे मिळविण्याचीही कशी मोकळीक झाली, हें आम्हांस ठाऊक आहे, आणि यामुळें विद्यार्थी हें विशेषण कित्येकांस हास्यास्पद वाटेल. तरीही विद्यापीठ तें सोडावयास तयार नाहीं. तेव्हां त्याच्या शब्दावरून त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आपणांस आहे. शिक्षकाचीही नोकरी जयावर अवलंबून असते हें खोटें नाहीं. पण ज्या कॅन्सस विद्यापीठानें २००८ चा तो सामना जिंकला, तेथेंच खुद्द नेस्मिथ यांनीं १८९८ पासून हा खेळ शिकविला. त्यांच्या खात्यावर जिंकलेले सामने ५५ आणि हरलेले ६०, आणि जयापेक्षां पराजय अधिक असलेला त्या विद्यापीठाचा शिक्षक तेवढा तोच एक. म्हणून कोणी त्यांस अयशस्वी शिक्षक म्हणत नाहीं.

मुलांस उपदेश करून ही चाल थांबेल अशी आमची समजूत नाहीं. या खेळाच्या इतिहासांत उपदेशानें कांहीं सुधारल्याचें दिसत नाहीं. सुधारलें तें नियमानें. एके काळीं पुढें असलेला संघ चेंडू नुसता फिरवीत वेळ काढी. १९७९ च्या फेब्रुवारींत ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सामन्यांत नॉर्थ कॅरोलायनाचे शिक्षक डीन स्मिथ यांनीं चेंडू असा दाबून धरला कीं मध्यंतरास गुण ७-० होते. प्रेक्षक ओरडले, वृत्तपत्रांनीं टीका केली, आणि कांहीं झालें नाहीं. १९८५-८६ मध्यें पंचेचाळीस सेकंदांत फेंक केलीच पाहिजे असा नियम झाला, आणि तो प्रकार संपला.

आमच्या प्रश्नावरही एक जुना उपाय होऊन गेलेला आहे. १९३९-४० च्या हंगामापासून ज्या संघावर फाउल झाला त्यास फ्री थ्रो न घेतां मैदानाच्या मध्यावरून चेंडू आंत घेण्याची मुभा होती. १९५२-५३ मध्यें ती काढून घेण्यांत आली. शेवटच्या मिनिटापुरती ती मुभा परत दिली तर तिनाच्या आघाडीवर धरण्याचा मुख्य लाभ नाहींसा होतो: दोन गुणांची भीक नको, आमचा चेंडू आम्हांस द्या, असें प्रतिपक्ष म्हणूं शकतो. अर्थात् दर वेळीं धरून एकेक सेकंद खाल्ला जाईल, हा दोष उरतोच. त्यासाठीं गेलेला वेळ घड्याळांत परत टाकण्याची तजवीज करावी लागेल. निक एलम या गृहस्थांनीं तर शेवटीं घड्याळच बंद करून ठराविक गुणसंख्या प्रथम गांठणारा जिंकला असें ठरवावें, असा तोडगा सुचविला, आणि २०२० मध्यें धंदेवाईक खेळाडूंच्या एका प्रदर्शनी सामन्यांत तो लोकांनीं पाहिलाही. त्यानें आमचा प्रश्न सुटतो खरा, पण शेवटचा सेकंदही जातो. आणि त्या सेकंदासाठीं लोक हा खेळ पाहतात. आमचें मत जुन्या मुभेकडे झुकतें.

तोंपर्यंत शिक्षकानें त्या शेवटच्या विश्रांतींत मुलांस काय सांगावें ? सांगण्याजोगें पुष्कळ आहे, आणि त्यास खेळाचेंच ज्ञान लागतें. रेषेला पाठ न दाखवितां तिच्या बाहेर उभे राहा. कोणी आडोसा करून आपल्या गड्यास सोडवूं लागला तर माणसें बदला, मागें लागूं नका. आंत जाऊन सोपे दोन घेत असतील तर घेऊं द्या. दोनांनीं आपलें कांहीं बिघडत नाहीं. हात वर ठेवा, आणि उडी त्यानें मारल्यावर मारा. सॅन अँटोनियोस चाल्मर्सच्या तोंडावर हात आलेला होता; फेंक तरी पडली. तशी ती पुन्हां कधीं तरी पडेल.